मदत हवी आहे: बोटीवरच्या बॅटरीचं चार्जिंग वायरलेस बघताना आकडा चुकतोय

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली मासेमारीची फायबर बोट आहे. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या दोन लेड-ॲसिड बॅटऱ्या पॅरललमध्ये; त्यावर जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ रेडिओ आणि दिवे. स्टार्टरची बॅटरी वेगळी. निगेटिव्हमध्ये 200 अँपिअर, 75 मिलिव्होल्टचा शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा), त्यावर आयएनए226 ही मोजणारी चिप आणि ईएसपी32 हा वायफायवाला मायक्रोकंट्रोलर. केबिनमधल्या मोबाइलवर वायफायने आकडे येतात.

अडचण अशी, की मोबाइल 90 टक्के चार्ज दाखवतो आणि लोड काढून दोन-तीन तासांनी मीटर लावला तर 12.2 व्होल्ट, म्हणजे जेमतेम निम्मी बॅटरी. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) निगेटिव्ह वायर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर निघाली. तो करंट शंटमधून जातच नव्हता! ती लोडच्या बाजूला घेतली, फरक कमी झाला, पण गेला नाही. चार्जिंग एफिशियन्सी (भरलेल्या चार्जपैकी परत मिळणारा भाग) 100 टक्के धरली होती, ती 85 केली आहे.

दुसरा संशय ईएसपी32 च्या झोपेवर (स्लीप मोडवर) आहे. वीज वाचवायला ईएसपी32 दर 10 मिनिटांनी उठतो. मधे पंप चालून बंद झाला तर तो हिशेबातच येत नाही. सतत जागा ठेवावा तर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, नुसते 30 मिलिअँपिअर धरले तरी 61 दिवसांत 44 अँपिअर-तास जातात.

आयएनए228 ही तशीच दुसरी चिप, पण तो स्वतःच चार्ज मोजत राहतो. तो कुणी बोटीवर वापरलाय का? शंटच्या सेन्स वायरच्या (शंटपासून चिपकडे जाणाऱ्या वायरच्या) लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर, हिरवा गंज चढतो, त्यावर ग्रीस टिकतं की हीटश्रिंकच बरं? आणि 100 टक्क्यांवर रीसेट करायला व्होल्टेज आणि टेल करंट (चार्जिंग संपत आल्यावर उरणारा करंट) किती ठेवता?