निवडणुकीला जमा केलेली बंदूक गंजून परत आली, काय करू?

खाडीकाठचा काजूवाला
शेतीसंरक्षण परवान्यावरची वडिलांची एकनळी, बारा बोअर. ते गेल्यावर परवाना माझ्या नावे झाला. 2024 मध्ये दोनदा जमा केली. मार्चमध्ये लोकसभेला, म्हणजे ऐन काजूत. मग 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं आणि रात्री डुकरं शेतात. मी डबे बडवत बसलो.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला. बंदूक हातात आली जानेवारीत, तीही चार खेपा घातल्यावर. मुद्देमालाच्या खोलीत सात-आठ बंदुका सुतळीने मोळीसारख्या बांधून भिंतीला टेकवलेल्या, खिडकी खाडीच्या अंगाला. घरी येऊन मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून बघितली तर नळीत गंजाचे खड्डे. नळीखालचं लाकूड तर आमचं नाहीच! आमच्यावर वडिलांनी कोयतीने पाडलेली खूण होती. भरपाई कोणाकडे मागायची?

निवृत्त मुद्देमाल कारकून
आधी एक करा, त्या नळीतून बार काढू नका. पॉलिश पेपरही मारू नका. परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा आणि तो काय सांगतो ते लेखी घ्या. मग पोलीस अधीक्षकांकडे अर्ज, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण परवाना त्यांचा. दोन्हीकडून पोच घ्या. नंबर नळीवर असतो, लाकडावर नसतो. सुतळी सोडताना अदलाबदल होते ती तिथेच. खरं सांगायचं तर जमा बंदुकांना तेल देणं आमच्याकडे कोणाच्याच वाट्याला नव्हतं.
जमा केल्याच्या पावतीवर काय लिहिलंय?

ठासणीवाला
माझी ठासणीची, नळीच्या तोंडातसून दारू ठासून भरूची. एका निवडणुकीक भरलेलीच देवन इलंय, इसारलंय. थय कोणी गज घालून बघूक नाय. परत मिळाल्यार घरात गज घातलंय तर वीतभर वरच अडाकलो! दोन महिने ती पोलिसांच्या डोक्यामागे उभी.

काजूवाला
काका, दारू तुमचीच ना पण?

ठासणीवाला
माझीच. म्हणानच गप रवलंय.

बागायतदार
पुढच्या वेळी आचारसंहिता लागताच छाननी समितीकडे सूट मागा. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायच्या नाहीत, प्रत्येकाचं प्रकरण समितीने बघायचं असतं. गुन्हा नसेल आणि शेतीचं कारण पटलं तर सूट मिळू शकते. सातबारा आणि पीक नुकसानीचे पंचनामे जोडा. मी जोडले होते. हुकूम आला मतदानाच्या चार दिवस आधी, पण आला.

काजूवाला
पावती काढून बघितली. 'बंदूक नग 1', बस. नंबर नाही, अवस्था नाही. खाली सही आहे, ती ठाण्यातसुद्धा कोणाला वाचता आली नाही. उद्या अर्ज देतो. आणि त्या मोळीतल्या बाकीच्यांच्या घरी एक चक्कर मारतो, आमचं लाकूड कोणाच्या तरी बंदुकीला असेलच.