मदत हवी आहे: लस घेतलेल्यांत सर्पदंशाचे मृत्यूही कमी कसे?

मंडळी, कम्युनिटी मेडिसिनला पीजी करतेय. थीसिसचा विषय एका तालुक्यातले २०२१ चे मृत्यू आणि कोविड लस. मृत्यूची नोंदवही आणि लसीकरणाच्या याद्या जुळवता जुळवता तीन महिने गेले. एकाच आडनावाच्या चार लक्ष्मीबाई, त्यातल्या दोन एकाच वाड्यातल्या. असो.

लस घेतलेल्यांत मृत्यू बरेच कमी आले. गाइड म्हणाले, छान, लिहायला घे. मला राहवेना, म्हणून अपघात, सर्पदंश आणि कर्करोग वेगळे काढले, तर तेही लस घेतलेल्यांतच कमी! लस नागाचं विष उतरवत नाही, एवढं मलाही कळतं. आशाताईंच्या वहीत लस न घेतलेल्यांपुढे ठिकठिकाणी 'अंथरुणाला खिळलेले' असा शेरा आहे. म्हणजे केंद्रापर्यंत चालत गेला तो मुळातच धडधाकट. कर्करोगाचं त्याने समजतं, पण सर्पदंशाचं काय? आणि हे दुरुस्त कसं करू?

प्रतिसाद:
सर्पदंशाचा आकडा थीसिसमध्ये ठेवाच, तुमची चूक त्यानेच पकडलीय. 'लस घेतलेले' कोणत्या तारखेला धरलेत? वर्षअखेरीची यादी वापरली असेल तर घोळ तिथेच आहे. मार्चमध्ये साप चावून गेलेल्या तिशीतल्या शेतकऱ्याला लस मिळणारच नव्हती. १८ ते ४४ वयाला ती १ मेपासून खुली झाली. तो 'न घेतलेल्यां'त पडला. नोव्हेंबरात लस घेणारा मात्र तोवर जगला म्हणूनच घेऊ शकला, आणि त्याचे आधीचे दहा महिने तुम्ही लशीच्या खात्यावर जमा केलेत.

प्रत्येकाचे दिवस मोजा. डोसच्या आदल्या दिवसापर्यंत 'न घेतलेला', पुढे 'घेतलेला'. तुलना त्याच आठवड्यात, त्याच वयोगटात; नाहीतर एप्रिल-मेची लाट एकाच पारड्यात पडते. एवढं करूनही सर्पदंश कमीच राहिला, तर तो फरक माणसांमधला समजा.

आयसीएमआरने तरुणांच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला (४७ रुग्णालयं, ७२९ मृत, तुलनेला २९१६ जिवंत), त्यात वय, लिंग, वस्ती जुळवून घेतली होती. शिवाय आधीच्या ४८ तासांतली दारू, अंगमेहनत, घराण्यातले अचानक मृत्यू हेही विचारलं होतं. नोंदवहीत एवढं मिळणार नाही, ते थीसिसमध्ये स्पष्ट लिहा.

मूळ प्रश्नकर्ती:
बाप रे, यादी ३१ डिसेंबरचीच आहे. पुन्हा बसते. पण काही ओळींत दुसऱ्या डोसची तारीख पहिल्याच्या आधीची आहे. गाळू का?

प्रतिसाद:
सरसकट नको. त्यात मृतांच्याच ओळी जास्त गळत नाहीत ना, ते आधी बघा.