युद्धाच्या सिनेमात खऱ्या माणसांचे हेतू कोण ठरवतं?

पडद्यामागचा (फोंडा)
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यावर जत्रेला नाटक असतंच, यंदा संभाजी महाराजांवरचं ऐतिहासिक धरलंय आणि माझ्या गळ्यात गणोजी शिर्के पडलाय. तालीम मास्तर म्हणतात सिनेमात होता तसा कर, डोळे बारीक, मिशीवर हात, एंट्रीलाच पब्लिकला कळलं पाहिजे की हा फितूर. मी विचारलं मास्तर, पण हा असं करतो का? तर म्हणे फितूर आहे म्हणून. संपला विषय.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. युद्धाच्या सिनेमात तलवार चुकली, पगडी चुकली, तारीख चुकली की लोक लगेच पकडतात, पण त्या माणसाच्या मनात काय चाललेलं ते लेखकाने सरळ लिहून टाकलेलं असतं आणि ते कोणी तपासत नाही. छावा आला तेव्हा शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला, दिग्दर्शकाने माफी मागितली, सगळं झालं, पण ते भांडण बदनामीचं होतं, गणोजीला नेमकं काय हवं होतं यावर मी तरी कुठे चर्चा ऐकली नाही.

तर विचारायचंय एवढंच की खऱ्या माणसाचा हेतू सिनेमावाल्याने कितपत बदललेला चालतो? आणि गणोजीबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, तालमी चालू आहेत.

जुनं_दप्तर
बाब, गणोजीसाठी फार लांब जायला नको, भानगड वतनाची आहे. थोरल्या महाराजांनी (शिवाजी महाराजांनी) नवीन वतनं देणं जवळजवळ बंद केलेलं, चाकरी करा आणि पगार घ्या. शिर्के तर घरचेच सोयरे, गणोजी थोरल्या महाराजांचा जावई आणि संभाजी महाराजांच्या राणी येसूबाईंचा भाऊ, तरी दाभोळची देशमुखी काही हातात पडेना, संभाजी महाराजांनीही धोरण तेच ठेवलं आणि हा गेला मोगलांकडे. संभाजी महाराज पकडले गेले त्या संगमेश्वरची वाट मोगलांना त्यानेच दाखवली का यावर अभ्यासकांत वाद आहेत, ते सध्या बाजूला ठेवा.

पण पुढचं ऐका, हे सिनेमावाले दाखवत नाहीत. १६९७ च्या सुमारास संभाजी महाराजांचे धाकटे भाऊ राजाराम महाराज जिंजीच्या किल्ल्यात अडकलेले, बाहेर मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा, त्या वेढ्यात मोगलांच्या बाजूने हाच गणोजी बसलाय आणि ह्याच गणोजीच्या मदतीने महाराज बाहेर निसटतात! बदल्यात काय, तर खंडो बल्लाळ चिटणीसांनी स्वतःचं दाभोळकडचं वतन शिर्क्यांना लिहून दिलं. माणूस तोच, मागणी तीच, एकदा तिकडे आणि एकदा इकडे. हे मिशीवर हात फिरवून कसं दाखवणार? कागद पुढे करून 'आमचं काय ते आधी बोला' म्हणणारा माणूस उभा करा. आपल्याकडे गोव्यात मुंडकारांच्या (भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्यांच्या) आणि कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या) केसी बघितलेल्या कुठल्याही प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटेल, शिकवावं लागणार नाही.

खरं सांगू का, ह्या सगळ्यात सिनेमा खंडो बल्लाळवर व्हायला पाहिजे. १६८१ साली त्यांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, संभाजी महाराजांनी हत्तीच्या पायी दिलं. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १६८३ ला, फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आलेल्या पोर्तुगीज विजरईला (व्हाइसरॉयला) पिटाळून महाराजांनी जुवें बेट म्हणजे आपलं सांत इस्तेव रात्रीत घेतलं, विजरई कोंद द आल्व्होर परत घ्यायला गेला तर तिथेही मार खाऊन आला आणि इतका हबकला की ओल्ड गोव्यात जाऊन संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत आपला राजदंड ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. ह्याच धामधुमीत महाराजांनी घोडा खाडीत घातला, भरतीचं पाणी, घोडा पोहणीला लागला, आणि उडी टाकून त्यांना काढलं ते खंडो बल्लाळांनी, असं परंपरेने सांगतात. ज्याने बाप मारला त्याच्यासाठी उडी का टाकली? कागद गप्प आहेत. सिनेमावाला इथे स्वामिनिष्ठेचं दोन मिनिटांचं भाषण घुसवणार, मागून ढोल, की झालं, त्या माणसाचं वाटोळं.

रविवारचा_शो
जुनं_दप्तर, माहिती जबरदस्त, पण तुम्ही सिनेमावाल्यांना उगाच झोडताय. अडीच तास असतात हो, हेतू डोळ्यांना दिसावा लागतो, दाभोळच्या देशमुखीचा हिशोब समजावत बसलात तर इंटरव्हलला लोक गाडी काढून घरी. केसरी सिनेमा घ्या. सारागढी, १२ सप्टेंबर १८९७, ३६ वी शीख पलटण, चौकीत २१ जण आणि समोर हजारोंनी पठाण. सिनेमात इंग्रज अधिकारी गुलाम म्हणून हिणवतो, मग ईशर सिंग केसरी पगडी बांधतो आणि आता ही लढाई माझी, इंग्रजांची नाही असा मामला. इतिहासात ते इंग्रजांच्याच पगारावर होते हे मलाही ठाऊक आहे की. पण थेटरात अंगावर काटा आला, पैसे वसूल. डॉक्युमेंटरी बघायची तर डॉक्युमेंटरी बघा.

साखळीची_शालू
@रविवारचा_शो दादा, काट्याचं काय, तो हॉरर बघतानाही येतो. मला केसरीत खटकलं ते हे की पगारी शिपाई आहे, सरकार परक्याचं आहे, आणि तरी तो शूर आहे, हे आपल्याला पचतच नाही. मग त्याला आजच्या प्रेक्षकाला आवडेल असा हेतू चिकटवायचा, तेव्हा कुठे तो हिरो.

आणि खरी गोष्ट जास्त भारी आहे. गुरमुख सिंग नावाचा शिपाई वरून आरशाने, म्हणजे हेलिओग्राफने, शेजारच्या किल्ल्यावर लढाईचे निरोप पाठवत होता. बाकीचे पडत गेले तेव्हा त्याने काय केलं, तर निरोप पाठवून परवानगी मागितली, आता हे बंद करून रायफल उचलू का. परवानगी आली, सामान आवरलं आणि मग उतरला लढायला. मरण समोर उभं आहे आणि माणूस परवानगी मागतोय!! त्याच्या डोक्यात देश होता की धर्म की पलटण की नुसती ड्युटी, मला नाही सांगता येत, पण ह्या एका निरोपात जेवढं कळतं तेवढं पगडीच्या अख्ख्या सीनमध्ये कळत नाही. सगळ्या २१ जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट मिळालं, ते काय भाषणं दिली म्हणून नव्हे.

पडद्यामागचा (फोंडा)
जुनं_दप्तर, शंभर धन्यवाद. कागदाची आयडिया मास्तरांना सांगितली, आधी म्हणाले पब्लिकला कळणार नाही, मग जिंजीचं सांगितलं तर गप्प झाले आणि म्हणाले बरं, एक प्रवेश करून बघू. शालूताई, परवानगीचं मला अजिबात माहीत नव्हतं.

किनाऱ्यावरून
धागा मस्त रंगलाय म्हणून लिहितो. आपल्या १९६१ वर, म्हणजे भारतीय सैन्याने पोर्तुगीजांकडून गोवा घेतला त्यावर, कोणी नीट युद्धपट काढला तर कसोटी लागेल ती पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाच्या रोलवर. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारची त्याला तार १४ डिसेंबरची, तह नाही, पोर्तुगीज कैदी नाहीत, सैनिक आणि खलाशी एकतर जिंकतील नाहीतर मरतील. हाताशी तीन-साडेतीन हजार माणसं, लढाऊ विमान एक नाही, दारूगोळा तोकडा. ती चोरिसांची (गोव्यातल्या डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) गोष्ट ऐकलीच असेल, रणगाडे फोडायचे गोळे हवेत म्हणून सांकेतिक भाषेत चोरिस मागवले आणि लिस्बनहून खरेच चोरिस आले म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण कुठलाही दिग्दर्शक हा सीन सोडणार नाही 😀

तर ह्या माणसाने १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. का? एक लेखक म्हणेल गोव्यावर जीव होता, शहरं उद्ध्वस्त करवेनात. दुसरा म्हणेल स्वतःचा जीव प्यारा. आणि जो नकाशा समोर ठेवून बसेल तो म्हणेल, अहो लढणार कशाने? मला वाटतं तिन्ही एकत्र असणार, पण नटाला तिन्ही एका चेहऱ्यावर आणायचं म्हणजे नट तसा पाहिजे. १९६३ साली त्याला सैन्यातून हाकलला, १९७४ च्या क्रांतीनंतर परत घेतला, आणि १९८० मध्ये हाच माणूस गोव्यात पाहुणा म्हणून आला तर लोकांनी स्वागत केलं.

आता गंमत बघा. आदल्या दिवशी मुरगाव बंदरात आफोंसो द आल्बुकर्क जहाजाचा कप्तान आरागांव, त्यालाही हुकूम तोच, समोर आपल्या नौदलाच्या बेतवा आणि बियास, जुनाट जहाज घेऊन हा स्वतः जखमी होईपर्यंत लढला आणि जहाज शेवटी बांबोळीच्या किनाऱ्याला रुतलं. हुकूम एक आणि वागणं दोन तऱ्हेचं. एकाला भेकड आणि एकाला वीर केलं की स्क्रिप्ट सोपं होतं, आणि तिथेच सिनेमा मार खाणार.

उलटतपासणी
पोर्तुगीजांचे हेतू एवढे सोलताय तर आपल्या बाजूचेही सोला ना. फेब्रुवारी १९६२ ला निवडणूक, उत्तर मुंबईत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी, आणि त्याच्या आधीच्याच डिसेंबरात गोव्यावर कारवाई. हे सिनेमात दाखवायची कोणाची हिंमत आहे?

जुनं_दप्तर
@उलटतपासणी दाखवा की, टीका तेव्हाही झालेली. पण मग २४ नोव्हेंबरला पोर्तुगीजांच्या अंजदीव बेटावरून साबरमती बोटीवर झालेला गोळीबार पण दाखवा, आफ्रिकेतल्या लोकांचा दबाव पण दाखवा, की तुम्ही अंगोला-मोझांबिक ह्या पोर्तुगीज वसाहतींबद्दल आम्हाला सांगता आणि गोव्यात गप्प का बसता, आणि वर्षानुवर्षं आग्वादच्या तुरुंगात सडलेले आपले लोक पण. नुसती निवडणूक उचलली तर तो मिशीवरचा हातच झाला, फक्त उलट्या बाजूने.

रविवारचा_शो
हे सगळं घातलंत तर वेबसीरीजच काढावी लागेल, दहा एपिसोड. चालेल, मी बघेन. मेननचं राहू दे, आरागांवचा रोल कोण करणार ते आधी ठरवा. आमच्या घरी आजी अजून खणखणीत पोर्तुगीज बोलते, उच्चार ती बघून घेईल, मानधनाचं तिच्याशी तुम्ही बोला.