सेफ्टी ऑफिसर कुणाला म्हणायचं? आठवड्याच्या कोर्सवाल्याला?

भट्टीकाठ (उद्यमबाग)

मुद्दा सरळ मांडतो, शिव्या नंतर घाला. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यातल्या फौंड्र्यांत, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांत, हल्ली 'सेफ्टीवाला' ठेवायची रीत पडली आहे. गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट येतं, त्यांच्या फॉर्मात 'सेफ्टी ऑफिसर आहे का' असा रकाना असतो, आणि तो भरायला मालक एका पोराला हिरवं जॅकेट घालून उभा करतो. आठवडाभराचा कोर्स, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, झालं.

त्याला विचारा, इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेवर लोखंड वितळवायच्या भट्टीत, ओलं भंगार का टाकायचं नाही? 'अपघात होतो सर.' का होतो, ते सांगता येत नाही. भट्टीतलं लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास असतं. त्याच्या पोटात पाणी सापडलं की क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते. मग भट्टी ओकते. हे ज्याला कळलंय तो भंगारासाठी कोरडी शेड मिळावी म्हणून मालकाशी भांडेल. ज्याला कळलं नाही तो 'सुरक्षा प्रथम'चा बोर्ड लावेल.

नियमात शिक्षण आहे, नाही असं नाही. इंजिनिअरिंगची डिग्री किंवा डिप्लोमा, कारखान्यातला अनुभव, वर औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त डिप्लोमा. पण ते मोठ्या कारखान्यांपुरतं. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या 40-ब कलमात हजार कामगारांचा आकडा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षेच्या नव्या कोडमध्ये तो 500 वर आला, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250. फौंड्री त्या धोकादायक यादीत येते, पण आपल्याकडच्या बहुतेक फौंड्र्या तीस, चाळीस, साठ माणसांच्या. म्हणजे ऑफिसर नेमायची सक्ती नाही, आणि नेमलाच तर त्याला काय यायला हवं हे विचारणारं कुणी नाही.

साखर कारखान्यात बॉयलरवर उभं राहायला परीक्षा द्यावी लागते. वायरमनला परवाना लागतो. खाणीत मॅनेजर, फोरमन, सुरुंग लावणारा या सगळ्यांना डीजीएमएसचं, म्हणजे केंद्राच्या खाण सुरक्षा खात्याचं, सर्टिफिकेट लागतं. मग या सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्याला काहीच कसं नको? माझं मत असं की कारखाना केवढाही असो, सेफ्टीचं पद लावायचं तर परीक्षा पाहिजे, डॉक्टर-वकिलांसारखी नावाची नोंद पाहिजे, आणि धोक्याच्या कामाच्या खोट्या परवानगीवर (परमिटवर) सही केली तर ते नाव कापलं गेलं पाहिजे.

जॉबवर्क_मालक

अण्णा, आधी आमच्या गल्ल्यात बघा. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव मालाचा, दर किलोवर ठरतो. पिग आयर्न, म्हणजे कच्चं लोखंड, वाढलं, वीज वाढली, तरी गिऱ्हाईक म्हणतं जुन्याच दरात द्या. त्यात तुमचा डिग्रीवाला डिप्लोमावाला माझ्या मोल्डिंग फोरमनपेक्षा जास्त पगार मागणार. चाळीस माणसांच्या युनिटला हे झेपणार नाही. उद्या कायदा केलात तर काय होईल सांगू? एकाच माणसाचं सर्टिफिकेट वीस कारखान्यांच्या भिंतीवर लटकेल आणि तो पुण्यात बसून महिन्याला पैसे घेईल.

फेटलिंगचा_म्हातारा

मी आयुष्यभर ग्रायंडर धरलाय. लॅडलमधनं, म्हंजी ओतायच्या भांड्यातनं, साच्यात धातू ओतताना आवाज बदलला की आम्हाला कळतंय, साचा ओला हाय. ते कुठल्या पुस्तकात न्हाई. आम्हाला वाचवलं ते मेस्त्रीनं. तो शिव्या घालायचा, पण दोन पावलं मागं उभा करायचा. आता जॅकेटवाली पोरं येत्यात, फोटो काढत्यात, व्हॉट्सॲपवर टाकत्यात आणि जात्यात. शिकलेला आणला तरी तो भट्टीजवळ थांबणार हाय का, ते आधी बगा.

भट्टीकाठ

काका, मेस्त्रीचं मोल मी नाकारत नाही. पण मेस्त्रीला डोळ्यांना दिसणारा आणि कानांना ऐकू येणारा धोका कळतो. साच्याच्या वाळूतल्या सिलिकाची जी धूळ फुप्फुसात खोलवर जाऊन बसते ती दिसतच नाही. शॉट ब्लास्टिंगला (छर्रे मारून साफ करताना), नॉकआउटला (साचा फोडताना), फेटलिंगला (कास्टिंग घासताना) जी जाड धूळ दिसते ती नाकात, घशात अडकते. मारते ती बारीक. आणि तिचा परिणाम कळायला दहा-पंधरा वर्षं जातात, तोवर मेस्त्रीही निवृत्त आणि मालकाच्या जागी मुलगा. अनुभवाने शिकायचं म्हटलं तर इथे अनुभव येईपर्यंत माणूस गेलेला असतो. या धोक्याला मोजमापच लागतं, आणि मोजायला शिक्षण लागतं. फडक्याचा मास्क आणि आयएस 9473 या भारतीय मानकाचा धूळ गाळणारा मास्क यातला फरक ज्याला माहीत नाही तो काय वाटप करणार?

जॉबवर्क मालक, एकाचं सर्टिफिकेट वीस भिंतींवर, ही भीती खरी आहे. म्हणूनच नोंदणी म्हणतोय. रजिस्टर उघडं असेल तर वीस ठिकाणी एकच नाव लगेच दिसेल.

गाळप_हंगाम (घटप्रभा काठ)

मी साखर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. डिप्लोमा इंजिनिअर, त्यावर इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा. म्हणजे तुम्ही मागताय ते सगळं माझ्याकडे आहे. आता माझा दिवस ऐका. सकाळी गेटपास. मग कँटीनच्या तक्रारी. पाहुणे येणार असतील तर बगिचा. नियम स्पष्ट सांगतो की सेफ्टी ऑफिसरला त्याच्या कामाशी न जुळणारं काम द्यायचं नाही. दाखवू कुणाला तो नियम?

हंगामात गाळप थांबलं तर तासाला किती टन गेले हे वरपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेयरवर पुलीचं गार्ड काढून काम चाललंय म्हणून मी पट्टा थांबवला, तर संध्याकाळी माझीच हजेरी घेतली गेली. सांडपाण्याच्या किंवा मळीच्या टाकीत उतरण्याआधी गॅस मीटर लावायचा, ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही, बाहेर दोर धरून माणूस ठेवायचा, हे मला येतं, पोरांनाही शिकवलंय. पण ठेकेदाराचा माणूस रविवारी परमिट न घेता उतरतो. तो आत पडला की वाचवायला दुसरा उतरतो, आणि टाक्यांमध्ये नेहमी दोघं-तिघं एकदम जातात ते असेच.

म्हणून भट्टीकाठ, तुमचं निदान अर्धं बरोबर आहे. शिक्षण हवंच. पण काम थांबवायचा अधिकार नसेल तर मी जास्त शिकलेला बगिचावाला.

नवा_जॅकेटवाला

तुम्ही सगळे ज्याच्यावर बोलताय तो मीच. बीएस्सी केमिस्ट्री, गाव खानापूर तालुक्यात. आठवड्याचा कोर्स केला कारण तेवढेच पैसे होते. वर्षाचा डिप्लोमा करायचा तर नोकरी सोडून बाहेरगावी राहायला लागतं. प्लेसमेंट, गल्फ अशी पोस्टरं लावणाऱ्या क्लासवाल्यांनी आम्हाला इंग्लंडच्या नेबॉश या सेफ्टी सर्टिफिकेटचं स्वप्न दाखवलं. दुबईच्या साइटवर ते सर्टिफिकेट चालतं, इथल्या फौंड्रीत वाळू कशी असते ते त्यात येत नाही.

मला ओलं भंगार आज तुमच्याकडून कळलं. आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. परीक्षा घ्या, मी बसतो. पण शिकायचं कुठे ते पण सांगा. व्हीटीयूचं, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालय इथे मच्छ्यात आहे, संध्याकाळचा डिप्लोमा इथेच का नको?

डॉक्टर_बाई (बेळगाव)

ह्या धाग्यात डॉक्टरांना कुणी धरलं नाही म्हणून मीच बोलते. फौंड्रीतला माणूस खोकला घेऊन येतो, एक्स-रेवर डाग दिसतात, आणि त्याला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. 'काय काम करता, किती वर्षं' हा प्रश्न गर्दीत राहून जातो. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, हा नोटिफाय करायचा, म्हणजे सरकारला कळवायचा, आजार आहे, डॉक्टरने कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण ओळखलाच नाही तर कळवणार काय? सिलिकोसिस असलेल्याला क्षयही लवकर होतो, त्यामुळे घोटाळा आणखी वाढतो. कारखान्याच्या डॉक्टरांसाठी एएफआयएच नावाचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, मुंबईत शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये वगैरे होतो. तो केलेला डॉक्टर छोट्या युनिटला महिन्यातून एकदा तरी मिळतो का विचारा. दर्जा वाढवायचा तर नुसत्या जॅकेटवाल्याचा वाढवून भागणार नाही.

सीमेवरचा

भाषेचं कुणीच बोललं नाही? नियमांतच आहे, निदान महाराष्ट्राच्या सेफ्टी ऑफिसर नियमांत तरी, की त्याला बहुसंख्य कामगारांची भाषा नीट यायला हवी. जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या 108व्या कलमात सूचनाही इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लावायला सांगितल्या होत्या. आपल्याकडे एकाच शेडमध्ये मोल्डर मराठी, क्रेनवाला कन्नड आणि भट्टीवरचा पोरगा बिहारचा. टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी बैठक, इंग्रजी पीपीटीवर. मराठी पोस्टर लावा म्हटलं की लगेच वाद!

गाळप_हंगाम

ह्या धाग्यात सीमावाद आणू नका, हात जोडतो. तो निकाल सुप्रीम कोर्टात लागेल तेव्हा लागेल. 'मागं सर' ही हाक तिन्ही भाषांत मारता आली पाहिजे, एवढंच परीक्षेत घाला. आमच्याकडे ऊसतोडीचे ट्रॅक्टर यार्डात येतात तेव्हा मी तिन्ही भाषांत ओरडतो आणि तिन्ही भाषांत शिव्या खातो.

निपाणीची_लेक

तुम्ही कारखान्यावर भांडताय. माझी आई घरात बसून विड्या वळते. तंबाखूची धूळ घरभर, लहान पोरं त्यातच झोपतात. आमच्या उंबऱ्यापर्यंत तुमचा डिग्रीवाला येणार आहे का बिनडिग्रीवाला?

भट्टीकाठ

ताई, खरं सांगायचं तर मी मांडलेल्या योजनेत तुमच्या आईची जागा नाही. तिथे आरोग्य खात्याची माणसं आणि विडी कामगारांच्या संघटना लागतील. हा वेगळा धागा काढा, मी येतो.

गाळप हंगाम, अधिकाराबद्दल पटलं. पण एक सांगतो. खाणीतल्या मॅनेजरचा शब्द मालकाला का ऐकावा लागतो? त्याच्या मागे सर्टिफिकेट आहे, ते सर्टिफिकेट सरकार काढून घेऊ शकतं, आणि ते गेलं तर त्याचं पोट जातं. म्हणून तो बिनधास्त 'नाही' म्हणतो. तुमचं 'नाही' हे आज नोकराचं 'नाही' आहे. नोंदणी आली की ते तुमच्या धंद्याचं 'नाही' होईल. शिक्षण आणि अधिकार ह्या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या करताय, मला त्या वेगळ्या दिसत नाहीत.

गाळप_हंगाम

खाणीला स्वतंत्र खातं आहे, डीजीएमएसचा इन्स्पेक्टर खाण बंद करू शकतो आणि करतो. मॅनेजरच्या पाठीशी तो उभा असतो. कारखान्यात इन्स्पेक्टर किती कमी येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पाठीशी खातं नसेल तर नुसतं रजिस्टर म्हणजे आणखी एक ओळखपत्र. ह्यावर आपलं जमणार नाही.

जॉबवर्क_मालक

मी मधलं सांगू? पंधरा-वीस युनिटांनी मिळून एक माणूस ठेवायचा. खरा शिकलेला, धूळ मोजणारा, गॅस मीटरवाला. आठवड्यातून एकदा प्रत्येकाकडे. आणि प्रत्येक युनिटमध्ये मेस्त्रीच्या हाताखाली ह्या जॅकेटवाल्या पोरासारखा एक रोजचा. त्याला तो शिकलेला शिकवेल. एवढा खर्च मी काढू शकतो. पूर्ण डिग्रीवाला एकट्याने नाही.

फेटलिंगचा_म्हातारा

हे चालंल. पर त्या शिकलेल्यानं आल्यावर पयलं फेटलिंगकडं यायचं, ऑफिसात चहा घ्यायला न्हाई.

भट्टीकाठ

कल्पना वाईट नाही. पण मालक, त्याचा पगार तुम्हीच देणार असाल तर 'तुमची भट्टी आज बंद' हे तो तुम्हाला सांगेल का?

जॉबवर्क_मालक

मग पैसे असोसिएशनमध्ये भरू, पगार असोसिएशन देईल. वर्षाच्या आत त्याला काढता येणार नाही असं करारात लिहा. पण भट्टी बंद करायच्या आधी मला फोन करायचा, एवढं पण लिहा.

भट्टीकाठ

फोन भट्टी बंद केल्यानंतर.

जॉबवर्क_मालक

आधी.

नवा_जॅकेटवाला

तुमचं ठरेपर्यंत एक विचारतो. भंगाराला कोरडी शेड नसेल तर भट्टीत घालण्याआधी ते वाळवायची दुसरी काही पद्धत आहे का? उद्या पहिली शिफ्ट आहे.