'डेडलाइन', 'बँडविड्थ' हे शब्द आले कुठून?

पर्वरीकर: वेर्ण्याला एका कंपनीत लागून सहा महिने झाले, मीटिंगमध्ये सारखं बँडविड्थ (हाताशी असलेली सवड), बेंचमार्क (तुलनेचं माप), स्क्रम (टीमने मिळून काम करायची एक पद्धत), डेडलाइन. घरी आईला काम समजावून सांगता येत नाही याचं वाईट वाटतं. मुळात हे शब्द कुठले, कोणाला माहितीय का?

जुना_सर्व्हेअर: बेंचमार्क आमचा रे! उंची मोजायला दगडात आडवी खूण कोरायचे, तिच्यात लोखंडी पट्टी बसवून वर मोजपट्टी उभी करायची, तीच पट्टी म्हणजे बेंच. पुढच्या सगळ्या उंच्या त्या खुणेवरून. मडगाव स्टेशनच्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची असते ना, ती अशाच कामातून येते.

म्हापश्याची_मुलगी: डेडलाइन वाचून मला तर धस्सच झालं होतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये अँडरसनव्हिलच्या तुरुंगात आतल्या बाजूने बुटक्या लाकडी कठड्याची एक हद्द होती, कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. मी आता 'मुदत' म्हणते, आईलाही कळतं.

पर्वरीकर: बापरे. आणि स्क्रम?

म्हापश्याची_मुलगी: रग्बीतला, खेळाडू घोळका करून एकत्र रेटतात तो. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी प्राध्यापकांनी टीमच्या कामाला ती उपमा दिली. बँडविड्थ रेडिओवाल्यांचा, लहरींच्या पट्ट्याची रुंदी. त्यापेक्षा 'सवड नाही' म्हण की!