मदत हवी आहे: गावाचा विकास आराखडा लोकांकडून कसा तयार करून घ्यायचा?

नवी_सदस्या:
नमस्कार. आमची ग्रामपंचायत तीन वाड्यांची आहे. आराखडा कार्यालयातच भरतात आणि ग्रामसभेत फक्त वाचून दाखवतात. यंदा वाडीवार बैठका घ्यायच्या आहेत, पण बहुतेक सदस्य नवे आहेत. सुरुवात कुठून करावी?

शिवारफेरी:
ताई, आधी पैशाचा आकडा काढा, मग बैठका. पंधराव्या वित्त आयोगात (2021-22 ते 2025-26) 60 टक्के निधी बंधित (ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा) होता. म्हणजे 10 लाखांतले 3 लाख स्वच्छतेला, 3 लाख पिण्याचं पाणी आणि पाऊसपाणी साठवण्याला. रस्ता, दिवाबत्ती, अंगणवाडी दुरुस्तीला उरतात 4 लाख, तो अबंधित निधी. 2026-27 पासून सोळावा आयोग लागू आहे, त्याचा शासन निर्णय काढून अशीच फोड करा आणि ती प्रत्येक वाडीत फळ्यावर लिहा. हे आधी सांगितलं नाही तर लोक 40 लाखांचे रस्ते सुचवतात, त्यातलं काहीच होत नाही आणि पुढच्या वर्षी बैठकीला कुणी फिरकत नाही. बहुतेक आराखडे इथेच फसतात.

स्वनिधी (ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न) वेगळा मांडा: त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी.

माहिती गोळा करायला आशाताई, अंगणवाडी सेविका, जलसुरक्षक आणि बचत गटाच्या महिला घ्या. कुठल्या घराला नळ नाही, उन्हाळ्यात कुठली विहीर आटते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मोजमाप_पुस्तिका:
सुचवलेली कामं ग्रामसभेपूर्वी शाखा अभियंत्यांना जागेवर दाखवा आणि ढोबळ खर्च काढून घ्या. नंतर अंदाजपत्रक दुप्पट निघालं की अर्धी कामं गळतात. गटाराचं पाणी शेवटी कुठे सोडणार, हे ठरल्याशिवाय गटार घेऊच नका. पाणी खालच्या वाडीच्या दारात साचतं. जागा गावठाणातली आहे की कुणाच्या सातबाऱ्यावरची, तेही तेव्हाच तपासा. तोंडी संमतीवर सुरू केलेलं काम पाया खोदताना अडतं.

नवी_सदस्या:
महिला सभेची नोंद वेगळी ठेवायची का? आणि गणपूर्ती झाली नाही तर?

शिवारफेरी:
हो, महिला सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची आणि तिचं इतिवृत्त वेगळं. त्यातल्या मागण्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नावानिशी आणा, नाहीतर त्या वहीतच राहतात. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या लागते. तहकूब (गणपूर्तीअभावी पुढे ढकललेल्या) सभेला ही अट नाही, पण आराखडा तहकूब सभेत उरकू नये असं माझं ठाम मत आहे. ज्या वाड्यांसाठी हा खटाटोप, त्याच तिथे नसतात.

मोजमाप_पुस्तिका:
शेवटचं, ई-ग्रामस्वराजबद्दल (आराखडा आणि खर्च नोंदवायचं सरकारी पोर्टल). काम आराखड्यात नसेल तर त्याचं देयक निघत नाही. बंधित काम चुकून अबंधितात टाकलं तरी पैसे अडकतात, म्हणून अपलोड होण्यापूर्वी छापील यादी ठरावाशी ओळ न् ओळ ताडून पाहा. सरपंच बदलले असतील तर नव्या सरपंचांच्या डिजिटल स्वाक्षरीची नोंदणी आत्ताच करून घ्या.