मदत हवी आहे: उत्तर न देता हाताखालच्या माणसांना तयार कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी उत्पादन बघतो. फोडणी, सुकवणी, सोलणी, ग्रेडिंग मिळून पन्नासेक बायका आणि चार सुपरवायझर. चौघीही फोडणीच्या टेबलावरून वर आलेल्या, हात माझ्यापेक्षा तयार. तरी दिवसातून वीस वेळा फोन, "सायबानू, ह्या काय करूचा?" मी सांगतो, काम पुढे सरकतं. अकरा वर्षं असंच चाललं.

जुलैत वडिलांच्या ऑपरेशनसाठी पाच दिवस गोव्याला होतो, फोन बहुतेक वेळ बंद. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गर कमी सुकला तर साल सुटत नाही, जास्त सुकला तर सोलताना मोडतो. डब्ल्यू ३२० ही अख्ख्या काजूची एक प्रत, म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त ३२० अख्खे गर. तोच गर मोडला की तुकड्यात जातो आणि भाव कोसळतो. पावसात हवा ओली, त्यामुळे रोजची वेळ लावून भागत नाही, हात लावूनच ठरवावं लागतं. मी परतलो तर एक अख्खा लॉट जास्त सुकून तुकड्यात गेलेला. सुकवणीच्या ताईंना ते कळत होतं. म्हणाल्या, "तुमी नाय म्हणान थांबलंय."

ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्यांना थांबायची सवय मीच लावली.

मग मालकांनी एक दिवसाच्या कोचिंग प्रशिक्षणाला पाठवलं. कोचिंग म्हणजे उत्तर न सांगता प्रश्न विचारून माणसाला स्वतः ठरवू देणं. तिथे 'ग्रो' ही चार प्रश्नांची पद्धत शिकवली: काय साधायचंय, आत्ता परिस्थिती काय, पर्याय कोणते, आणि नक्की काय करणार. मनापासून पटली. दुसऱ्याच दिवशी ताईंना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, तुकडा का वाढला?" त्या उभ्याच राहिल्या. काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं पदरात लपवली आणि म्हणाल्या, "सायबानू, माजा काय चुकला काय?" डोळ्यांत पाणी. मी गडबडून उत्तर सांगून मोकळा झालो.

विचारणं ही झाडाझडती वाटू नये, यासाठी काय करू? आणि माल वेळेत काढायची घाई असताना विचारत बसायला वेळ कुठून आणू? कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नातला 'का' काढा. आपल्याकडे साहेबाने 'का' विचारलं की माणूस जबाब द्यायला लागतो. आणि केबिन नको, सुकवणीच्या ट्रेपाशी जा.

'ग्रो' सर जॉन व्हिटमोर या ब्रिटिश कोचमुळे जगभर गेलं, पण त्यामागे टिमोथी गॅलवे या अमेरिकन टेनिस प्रशिक्षकाची पद्धत आहे. "चेंडूकडे बघ" असं नुसतं ओरडण्याऐवजी तो खेळाडूला सांगायचा, की चेंडू जमिनीवर आपटला की 'टप्पा' म्हण, रॅकेटला लागला की 'फटका' म्हण. बरोबर म्हणायचं तर चेंडूकडे बघावंच लागतं. चूक कुणाची हा विषयच येत नाही. तुम्ही विचारा, "ताई, गर बोटाखाली कसा लागतोय? सकाळच्या ट्रेपेक्षा वेगळा आहे?" याचं उत्तर त्यांच्या बोटांत आहे, तुमच्याकडे नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. विचारल्यावर मात्र मनात दहा अंक मोजा. ती शांतता आपल्यालाच सोसत नाही, म्हणून आपण बोलून टाकतो. रत्नागिरीत आंबा कॅनिंगला असताना मला हे जमायला पूर्ण एक हंगाम लागला.

प्रतिसाद २

वेळेचं म्हणाल तर प्रत्येक गोष्ट विचारायची नसतेच. बॉयलरचं प्रेशर चढलंय, कुणाच्या हातावर तेल उडालंय, तिथे सरळ हुकूम द्या. नवीन मुलीलाही आधी दाखवावंच लागतं, तिला विचारून ती काय सांगणार? ज्यांना काम येतं पण ठरवायला भीती वाटते, त्यांच्यासाठी कोचिंग. आणि आधी जाहीर करा, "ट्रे कधी काढायचा ते ताई ठरवतील. चुकलं तर मालकांना मी उत्तर देईन." हे न बोलता नुसते प्रश्न विचारलेत तर कितीही गोड विचारा, त्या तुमच्या तोंडाकडेच बघतील.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल ट्रेपाशी उभा राहून विचारलं. ताईंनी गर दोन बोटांत दाबला, साल अंगठ्याने सरकवून बघितली, बराच वेळ गप्प. मी आठपर्यंत मोजलं होतं. मग म्हणाल्या, "अजून अर्धो तास. मागची बाजू ओली हा." मागचे ट्रे खरंच ओले होते. मी पुढचेच बघितले होते.

मालकांशी बोलून जबाबदारीचं सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे. एक अडचण उरते. यांच्या पगारवाढीचा शेरा मीच लिहितो. मला अडलेलं सांगितलं तर तेच शेऱ्यात येईल, ही भीती त्यांना असणारच, आणि ती खोटी नाही. तुम्ही या दोन गोष्टी वेगळ्या कशा ठेवता?